रिकामा हात आणि तालमीतली माती

मे महिन्यातली परभणी म्हणजे दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही. बहीण गावातच दिलेली. सुट्टीत ती मुलांना घेऊन आली की घर भरून जाते. अशाच एका दुपारी कूलरसमोर चटया टाकून आम्ही सगळे 'द कराटे किड' बघत बसलो. १९८४चा जुना चित्रपट, पण घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून बघावा असा. शेवटच्या लाथेला मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेरा वर्षांचा भाचा मात्र गप्प होता.

रात्री गच्चीवर तो हळूच जवळ आला. "मामू, मला कराटेचा क्लास लावायला अम्मीला सांगा ना." कशासाठी, ते तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आले. वर्गातली तीन-चार मुले त्याचा डबा हिसकावतात, सायकलची हवा सोडतात आणि नावावरून चिडवतात. सहा महिने हे चालले होते आणि त्याने घरात कुणाला सांगितले नव्हते.

त्या रात्री त्याला जे सांगितले, तेच इथे थोडे विस्ताराने मांडतो.

चित्रपटाची गोष्ट साधी आहे. डॅनियल नावाचा मुलगा आईसोबत न्यू जर्सीहून लॉस एंजेलिसला येतो. तिथली कराटे शिकलेली टगी पोरे त्याला बदडतात. त्याच इमारतीत दुरुस्तीची कामे करणारे म्हातारे मियागी त्याला शिकवायला तयार होतात आणि पहिल्या दिवसापासून गाड्या पुसायला, फरशी घासायला, कुंपण रंगवायला लावतात. पोरगा वैतागतो. मग कळते, की त्या घासण्या-पुसण्यातच हाताचे सगळे बचाव बसून गेले आहेत.

ही गोष्ट हवेतून आलेली नाही. पटकथाकार रॉबर्ट मार्क केमन यांना १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाच्या वेळी, १७ वर्षांचे असताना, टोळक्याने मारले होते. त्यानंतर ते ज्या पहिल्या शिक्षकाकडे गेले तो सूड आणि मारझोडच शिकवणारा निघाला. त्याला सोडून ते ओकिनावाच्या गोजू-र्यू परंपरेकडे वळले. चित्रपटातले दोन गुरू, एक दया न दाखवायला सांगणारा आणि एक शक्यतो भांडणच टाळायला सांगणारा, या अनुभवातून आले. मियागी हे नावही गोजू-र्यूचे संस्थापक चोजुन मियागी (१८८८–१९५३) यांच्यावरून घेतलेले.

ओकिनावा हे पूर्वी र्यूक्यू नावाचे छोटे राज्य. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते दबावाखाली आणले आणि १८७९ मध्ये जपानने ते पूर्ण गिळले. तिथल्या लोकांची ही विद्या चीनकडून आलेल्या आणि स्थानिक डावांच्या मिश्रणातून घडली. १९०१च्या सुमारास आन्को इतोसू यांनी ती शाळेतल्या मुलांच्या व्यायामात आणली. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये ती टोकियोला नेली. हे फुनाकोशी लहानपणी अशक्त, आजारी होते. आरंभी या विद्येचे नाव ज्या अक्षरांनी लिहीत त्यांचा अर्थ होता 'चिनी हात'. पुढे 'रिकामा हात' अशी अक्षरे रूढ झाली. चीनशी वैर वाढत होते, हे त्यामागचे एक कारण. म्हणजे राजकारण बदलले की खेळाचे नावही बदलावे लागते, हे फक्त आपल्याकडे होत नाही.

आता आपल्याकडे येऊ. भाच्याला मी विचारले, "गावात तालीम आहे ती माहीत आहे का?" त्याला वाटत होते, तो जुन्या लोकांचा प्रकार. मग मी त्याला शब्द मोजायला लावले. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे फारसी उस्ताद. पैलवान फारसी, कुस्ती फारसी, पेच फारसी, जोर-बैठकांतला जोर आणि पैलवानाचा खुराकही फारसीच. लाल मातीचा हौद अरबी. मात्र त्याच हौदाशेजारी उभा असलेला मल्लखांब आणि हौदातली माती इथलीच. एका तालमीत उभे राहिले की चारशे-पाचशे वर्षांचा शेजार पायाखाली असतो. मल्लविद्येची या भागातली नोंद तर त्याहूनही जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खेळाचे वर्णन आहे. ते कल्याण, आजचे बसवकल्याण, परभणीसारखेच पुढे हैदराबाद संस्थानात होते.

आपल्याकडचा 'कराटे किड'ही परंपरेने जपलेला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे दोन पैलवान आव्हान घेऊन आले, कुणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर हा पोरसवदा तरुण उभा राहिला अशी कथा आहे. त्याने मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन साधना केली आणि परत येऊन अलीला चीत केले. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय त्याला देतात. भाचा हसत म्हणाला, "म्हणजे आपण हरलो?" त्या काळच्या हिशेबाने आपण परभणीकर निजामाच्या मुलखातले, म्हणजे अली-गुलाबच्या बाजूचे, हे खरेच! पण कुस्तीत हरणे ही लाज नव्हती. सलामी देऊन लढायचे आणि हात मिळवून बाहेर पडायचे, हा रिवाज दोन्हीकडे एकच होता. या कथेचा धर्माच्या भांडणासाठी उपयोग करणाऱ्यांनी तालमीची पायरी चढलेली नसते.

ज्यांना ते पटत नाही त्यांनी बडोद्याला जावे. सयाजीराव गायकवाडांच्या त्या मराठी राज्यात जुम्मादादा नावाचे मुसलमान वस्ताद होते. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव. त्यांनी लेझीम, लाठी आणि सांघिक व्यायामाला शिस्त लावली, त्यासाठी देशी भाषेतल्या आज्ञा रूढ केल्या. महाराष्ट्र-गुजरातेत त्यांच्या शिष्यांनी व्यायामशाळा काढल्या. एवढा नावलौकिक मिळूनही ज्या संस्थेशी त्यांचे नाव जोडले गेले ती आजही जुम्मादादा व्यायाममंदिर म्हणूनच ओळखली जाते. मियागी आणि डॅनियल पडद्यावर यायच्या कितीतरी आधी ही जोडी आपल्याकडे होऊन गेली. तिच्यावर कुणी चित्रपट काढला नाही, एवढेच.

अंगाने लहान म्हणून मागे ठेवलेल्यांत खाशाबा जाधवही आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होता. किरकोळ दिसतो म्हणून त्याला आरंभी स्पर्धेत उतरवायला नकार मिळाला होता, असे सांगतात. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. १९५२च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदक खाशाबांचे, पण त्याच्या मागे एका शिक्षकाचे घर आहे, हे विसरता येत नाही.

चित्रपटात एक दृश्य आहे ते मुलांच्या लक्षात आले नाही. मियागी अमेरिकेच्या फौजेत लढत असताना त्यांची बायको आणि बाळ बाळंतपणात छावणीत मरण पावलेले असतात. ही छावणी खरी होती. १९४२ नंतर सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना, त्यांतले बहुसंख्य अमेरिकन नागरिक, केवळ चेहरा आणि नावामुळे डांबण्यात आले. मियागींची भूमिका करणारे पॅट मोरिता स्वतः लहानपणी क्षयाने वर्षानुवर्षे रुग्णालयात होते आणि बरे झाल्यावर थेट छावणीत गेले. असा माणूस पडद्यावर मुलाकडून वदवून घेतो, की शिकायचे ते लढावे लागू नये म्हणून. म्हणून ते वाक्य पोकळ वाटत नाही. आपल्याकडेही पैगंबरसाहेबांचे वचन प्रसिद्ध आहे: कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा खरा बलवान नव्हे, रागात स्वतःला आवरणारा बलवान.

पण इथे एक सावधगिरी हवी. आवरणे म्हणजे गप्प सोसणे नव्हे. डबा हिसकावणाऱ्याचा हात धरायला ताकद उपयोगी पडेल. नावावरून चिडवणाऱ्याचे तोंड डाव-पेचांनी बंद होत नाही. ते काम मोठ्यांचे आहे. तेरा वर्षांच्या मुलाने आधी लाथ शिकावी आणि मग वर्गात सुखाने बसावे, अशी अपेक्षा ठेवणारे आपण कोण? चित्रपटाचा एक दोष हाच, की त्यात शाळा दिसते पण न्याय करत नाही, सगळा न्याय स्पर्धेच्या मैदानावर होतो.

म्हणून आम्ही दोन्ही केले. शाळा उघडल्यावर बहीण वर्गशिक्षकांना भेटली. त्यांनी नीट ऐकून घेतले, त्या मुलांच्या पालकांना बोलावले. चिडवणे एका दिवसात थांबले नाही, पण आता ते चोरून होत नाही आणि भाचा घरी येऊन सांगतो.

आणि मी त्याला तालमीत घेऊन गेलो. त्याला वाटले पहिल्या दिवशी एखादा डाव तरी मिळेल. वस्तादांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, फावडे हातात दिले आणि हौदातली माती उकरायला सांगितले. तासाभराने घामाने न्हालेला तो माझ्याकडे पाहून हसला.

"मामू," तो म्हणाला, "हे तर गाडी पुसण्यासारखंच आहे."