माथाड्यांच्या पगाराची वही

मशीद बंदरच्या गल्ल्यांत एका हमालाचा दिवस कितीतरी मालकांत वाटला जाई. सकाळी एका पेढीची मिरचीची पोती उतरवायची, दुपारी दुसऱ्याची साखर हातगाडीवर चढवायची, दिवेलागणीला तिसऱ्याचा माल रेल्वेच्या धक्क्यावर पोचवायचा. दिवसभर ओझे वाहूनही त्याचे नाव एकाही मस्टरवर नसे. त्याचा मालक कोण, असे विचारले तर व्यापारी मुकादमाकडे बोट दाखवी आणि मुकादम व्यापाऱ्याकडे. हाती पडे ती दिवसाची मजुरी. पगारपत्रकच नाही, तिथे भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा, बोनस किंवा अपघाताची भरपाई कुठून येणार?

हा गुंता महाराष्ट्राने 1969 साली सोडवला. कायदा करून मजुरीचा हिशेब व्यापाऱ्याच्या आणि मुकादमाच्या हातून काढला आणि एका मंडळाकडे सोपवला. पगाराचे काम बाहेरच्या संस्थेला देणे ही आज कंपन्यांची सोय मानली जाते. मुंबईच्या बाजारात ही सोय मजुरासाठी उभी राहिली, आणि म्हणूनच तिचा इतिहास जपण्यासारखा आहे.

‘पगार’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजमधून आला. तो वेळेवर मिळावा यासाठीचा झगडा मात्र मुंबईच्या गिरण्यांतला. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. केलेल्या कामाचे पैसे पंधरा दिवसांत द्या, एवढेही अर्ज करून मागावे लागत होते.

रविवारची सुटी 1890 मध्ये पदरात पडली. पगाराच्या तारखेला मात्र कायद्याचे बळ मिळायला 1936 उजाडले. त्या वर्षीच्या वेतन कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी 7 तारखेच्या आत आणि मोठ्या ठिकाणी 10 तारखेच्या आत पगार देणे बंधनकारक केले. मालकाला कापता येणारा दंड रुपयामागे अर्ध्या आण्यावर रोखला. लोखंड्यांच्या निवेदनानंतर बावन्न वर्षांनी हे घडले.

दरम्यान कामगार आणि पगार यांच्या मधे जॉबर उभा होता. तो गावाकडची माणसे आणी, गिरणीत लावी, अडीनडीला कर्ज देई आणि कामावर ठेवण्यासाठी दस्तुरी घेई. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात कामगार भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा, असे सुचवले. गिरणीत निदान एक दरवाजा, एक मालक आणि एक मस्टर होते, त्यामुळे सुधारणा कुठे करायची हे ठाऊक होते. 1936 चा कायदाही मुळात कारखाने आणि रेल्वे यांच्यासाठीच होता. बाजारातला हमाल त्याच्या कक्षेत येतच नव्हता.

वाट सापडली ती शेजारच्या गोदीत. तिथेही मालक रोज बदलत, कारण आज या बोटीचे काम तर उद्या त्या बोटीचे. 1948 च्या गोदी कामगार कायद्याखाली पुढे मंडळे नेमली गेली. कामगार मंडळाच्या यादीवर, बोटींचे काम करून घेणाऱ्या कंपन्या मंडळाकडे पैसे भरणार आणि पगार मंडळ देणार. हजेरी लावूनही काम न मिळालेल्या दिवसाचे काही पैसे कामगाराला मिळू लागले.

बाजारात हे घडवून आणले अण्णासाहेब पाटील यांनी. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब स्वतः या कष्टाच्या जगातले होते. सातारा, सांगली, पुणे भागांतल्या कोरडवाहू गावांतून आलेल्या, गाळ्यांच्या ओट्यांवर झोपणाऱ्या माणसांची त्यांनी संघटना बांधली. सरकारने 1965 मध्ये असंरक्षित कामगारांसाठी समिती नेमली. 1967 मध्ये तिचा अहवाल आला. या लोकांच्या कामाची तऱ्हाच अशी आहे, की असलेले कामगार कायदे त्यांना लावणे अवघड आहे, असे त्यात स्पष्ट झाले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1969 मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला.

या कायद्याची खरी करामत हिशेबात आहे. व्यापारी मंडळाकडे ‘नोंदीत मालक’ होतो, हमाल ‘नोंदीत कामगार’. माणसे टोळीने काम करतात. किती पोती उतरली, किती चढली, हे टोळीच्या कामावरून ठरते आणि त्या दराने होणारी मजुरी व्यापारी मंडळात भरतो. तिच्यावर ठरावीक टक्क्यांची लेव्हीही भरतो. या लेव्हीतूनच भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, वैद्यकीय मदत यांची तरतूद होते. टोळीची कमाई हजेरीप्रमाणे वाटली जाते आणि महिन्याचा पगार मंडळ देते. दहा व्यापाऱ्यांचे दहा तुकडे एकाच खात्यात जमतात.

लहान व्यापाऱ्याचेही यात भले होते. ज्याच्याकडे रोज तासाभरापुरतीच चार माणसे येतात, त्याने त्यांच्या फंडाची नि बोनसची खाती ठेवायची तरी कशी? ते ओझे मंडळाने उचलले. मंडळावर मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी बरोबरीच्या संख्येने बसतात, सोबत सरकारचेही असतात. पगाराची वही सांभाळणाऱ्या संस्थेत पगार घेणाऱ्यालाही खुर्ची मिळाली, ही फार मोठी गोष्ट होती. आज एखादी कंपनी बाहेरच्या संस्थेकडे पगाराचे काम देते तेव्हा आयकराची कपात, फंडाचा भरणा, फेब्रुवारीत दोनशेचा तीनशे होणारा व्यवसाय कर, हे सगळे ती संस्था चोख सांभाळते. पण ती बांधील असते कंपनीला. कामगाराच्या पगारातून पन्नास रुपये चुकून कापले गेले, तर त्याला पुन्हा कंपनीच्याच दारात उभे राहावे लागते.

ही कल्पना पुढे पसरली. केरळने 1978 मध्ये डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. महाराष्ट्राने 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर मंडळ उभारायचा कायदा केला. तिथेही कारखाना पैसे मंडळाला देतो आणि रक्षकाचा पगार मंडळाकडून होतो.

1980 च्या दशकापासून मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले. त्यांच्यामागून माथाडीही गेले आणि कोपरखैरणे, घणसोलीत त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. नंतर माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या बोगस टोळ्यांच्या तक्रारी वाढल्या, आणि त्यांच्याविरुद्ध उद्योजकांइतक्याच तीव्रतेने खुद्द माथाडी संघटनाही बोलल्या. खरा माथाडी ओळखायचा तर आजही मंडळाची नोंदवहीच उघडावी लागते: टोळीचा क्रमांक, कामगाराचे नाव, त्याच्यापुढे जमा झालेली मजुरी. त्याच्या आजोबांच्या हयातीत मशीद बंदरच्या एकाही पेढीत ही नोंद सापडली नसती.