गोव्यात सैन्य कधी पाठवायचे?

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली. या सत्याग्रहाची जुळवाजुळव पुण्यातल्या गोवा विमोचन सहायक समितीने केली होती. भारतीय सैन्य गोव्यात शिरले ते मात्र डिसेंबर १९६१ मध्ये, तेही पुण्यातच मुख्यालय असलेल्या सदर्न कमांडच्या जनरल जे. एन. चौधरी यांच्या आधिपत्याखाली. मधली सहा वर्षे कशासाठी? मार्केट यार्डात सकाळच्या चहाला हा विषय काढला, तर आजही दोन तट पडतात.

अन्याय मोठा असला की युद्ध रास्त ठरते, असे आपण धरून चालतो. पण अन्याय दोन्ही साली तोच होता, आणि पोर्तुगालपेक्षा जास्त बळ भारताकडे १९५५ मध्येही होते. बदलले ते वेगळेच. गोवा ही वसाहत नसून आपला सागरपारचा प्रांत आहे, असे पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनेतच लिहून टाकले होते. त्यामुळे सार्वभौमत्वावर बोलणीच नको, ही त्यांची भूमिका. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्याला अस्वयंशासित प्रदेशांच्या यादीत घातले आणि हा दावा फेटाळला. तरीही सालाझार हलले नाहीत. सनदशीर मार्ग संपले, असे म्हणण्याचा हक्क भारताला इथे मिळाला, असे माझे मत आहे.

सरकारने पुढे केलेले कारण याहून कच्चे होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला, हे खरे. पण तेवढ्यासाठी कोणी अख्खी डिव्हिजन हलवत नाही. शिवाय फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुका तोंडावर होत्या आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन मुंबईतून उभे होते. हेतूत भेसळ होती. म्हणून कारण खोटे ठरत नाही, मात्र ते तपासून घ्यावे लागते.

नेहरूंवर माझा आक्षेप उशिराचा नाही. १९५५ नंतर सरकारने सत्याग्रहींना हद्दीवर अडवले आणि नाकेबंदी मात्र चालू ठेवली. लढा थांबला, झळ सामान्य गोवेकराला बसली. युद्ध टाळण्याचीही किंमत असते. ती कोणाच्या माथी मारली, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही.

१८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला सात मते पडली, विरोधात चार. सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटपर्यंत लढा, असा सालाझार यांचा हुकूम होता. तो त्यांनी मोडला, म्हणून पणजीची राखरांगोळी झाली नाही. लिस्बनने त्यांना लष्करातून काढून टाकले.