शिगेचे माप

आमच्या माजघरातल्या फडताळात एक पितळी मापटे आहे. कमरेशी किंचित आवळलेले, तोंडाशी पुन्हा पसरलेले, आणि बुडाशी इतके झिजलेले की जमिनीवर ठेवताच जरासे डुगडुगते. त्यात तांदूळ काठोकाठ भरून वरून तळहात फिरवला म्हणजे सपाट माप होते. हात न फिरवता ओतत राहिले तर काठावर तांदळाचा सुळका चढत जातो, आणि आणखी एक दाणाही न ठरता घसरू लागला म्हणजे शीग पुरी झाली असे समजायचे. नाव दोहोंचे एकच, मापटे. पण पदरात पडणारे धान्य मात्र एक नव्हे.

वजनाचे तसे नाही. गहू अलगद ओता की ठोकून बसवा, काट्यावर त्याचे भारीपण रतीभरही बदलत नाही. काट्याला फसवायचे तर धान्यावर पाणी मारावे लागते. मापाला फसवायला नुसता हात पुरतो, कारण मापात दाण्यांबरोबर दाण्यांमधली पोकळीही मोजली जाते आणि ती किती ठेवायची हे भरणाऱ्याच्या मनगटावर असते. त्यातच एक भूमितीची खोच आहे: दोन भांड्यांत सपाट धान्य सारखेच मावत असले, तरी ज्याचे तोंड रुंद त्याची शीग मोठी.

जुने कोष्टक ज्यांनी पाठ केले आहे त्यांना आठवेल की दोन निठव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. खालच्या पायऱ्या सगळ्या दुपटीच्या आहेत, आणि ते सोयीचेच होते. निम्मे करायला गणित लागत नाही, नजर पुरते. घोटाळा वरच्या नावांत होता. शेर आणि मण ही नावे तराजूचीही असल्यामुळे वजनी मण चाळीस शेरांचा आणि मापी मण अठ्ठेचाळीस शेरांचा, असा प्रकार एकाच बाजारात नांदत असे. म्हणूनच जुन्या दफ्तरांतील कारकून गल्ल्याच्या आकड्याशेजारी ‘कैली’ हा अरबी मुळाचा शब्द घालून तो मापाचा आहे, वजनाचा नव्हे, असा खुलासा करून ठेवीत. याखेरीज पायलीही मुलखागणिक लहानमोठी, ती गोष्ट वेगळीच.

हा प्रश्न फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापे वाळलेल्या कठीण लाकडाची करावीत आणि एकंदर मापाचा चौथा हिस्सा शिगेचा असावा, असे सांगितले आहे. शिवाय एकाच द्रोणाचे चार प्रकार दिले आहेत. सरकारी वसुलीचा द्रोण २०० पलांचा, बाजारातला १८७½ पलांचा, वाटपाचा १७५ पलांचा आणि अंतःपुराला शिधा देण्याचा १६२½ पलांचा. घेताना मोठे माप आणि देताना धाकटे, ही रीत सावकाराने काढली असे आपण समजतो. राजसत्तेने ती शास्त्रातच लिहून ठेवली होती.

मला अधिक मोहवतात ते भास्कराचार्य. ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत त्यांनी लांबी, रुंदी आणि उंची एकेक हात असलेल्या घनाला मागध खारी म्हटले. म्हणजे आकारमान लांबीशी बांधून मापाला कोणाच्याही भांड्यापासून मोकळे केले. पुढे राशिव्यवहारात मात्र त्यांना खळ्याची आठवण राहिली आहे. धान्याच्या राशीची उंची भरड धान्यात परिघाच्या दहाव्या हिश्शाइतकी, बारीक धान्यात अकराव्या आणि कुसळाच्या धान्यात नवव्या हिश्शाइतकी धरावी, आणि परिघाच्या सहाव्या हिश्शाच्या वर्गाला तिने गुणावे, असा त्यांचा नियम आहे. (परिघ व्यासाच्या तिप्पट, हा स्थूल हिशेब त्यात गृहीत आहे.) साठ हात परिघाची रास भरड धान्याची असेल तर ६०० खारी, साळीची असेल तर ६६६⅔. मोहरी घसरते आणि साळ कुसळांनी एकमेकींना धरून उभी राहते, हे ज्याने रास डोळ्यांनी पाहिली त्यालाच सुचावे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे.

गावात हे गणित कोणी विचारले नाही. तेथे मापाऱ्याचा हात हेच शास्त्र होते. तो पहिले माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे आणि मग दोन, तीन असे पुढे जाई. त्या लाभात कुणाचा लाभ, हे शीग पाहिल्यावर कळे. कर्जाऊ धान्य सपाट मापाने मिळायचे आणि सुगीला शिगोशीग फेडायचे, ही कुळाची तक्रार कागदावर कोठे टिकली असती? पावतीवर पायल्यांचा आकडा असतो, शीग नसते.

१९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली, १९५८ पासून तिचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि १९६२ पर्यंत बाजारातले धान्य काट्यावर गेले. शीग संपली. मापाऱ्याच्या हाताला गिऱ्हाईक राहिले नाही, याबद्दल मला खेद नाही. काट्याने गरिबाचे भले केले. तरी घरोघरी उंबऱ्यावर नवी सून लवंडते ते मापच, आणि स्वस्त झालेल्या वस्तूला आपण म्हणतो ते ‘पायलीचे पन्नास’च. वाचकांच्या घरी असे एखादे मापटे किंवा शेर असेल तर मोडीत घालण्यापूर्वी ते एकदा ज्वारीने आणि एकदा तांदळाने, सपाट आणि शिगेने, भरून तोलून पाहावे आणि येणारे चारही आकडे त्याच्या बुडाशी कागद चिकटवून लिहून ठेवावेत.