आधारस्तराचा प्रश्न : ‘लव्ह यू टू’ची पार्श्वभूमी व ध्वनिमुद्रण

प्रथम संज्ञा निश्चित करू. ध्वनिमुद्रणाचे दोन प्रकार मानावेत. सर्व कलाकारांचे गायन-वादन एकाच वेळी, आरंभापासून अंतापर्यंत सलग नोंदवले जाते, ते अखंड मुद्रण. निरनिराळे आवाज निरनिराळ्या वेळी नोंदवून एकावर एक चढवले जातात, ते स्तरित मुद्रण. स्तरित मुद्रणात जो स्तर सर्वांआधी नोंदला जातो, त्यास येथे आधारस्तर म्हटले आहे. नंतरचा प्रत्येक वादक आधारस्तर ऐकत वाजवतो. म्हणून लय कोणाची, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आधारस्तरात सापडते.

विवेचनाचा विषय ‘लव्ह यू टू’ हे गीत. ‘बीटल्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या ध्वनिमुद्रिकेतील चौदा गीतांपैकी हे चौथे. ध्वनिमुद्रिका ५ ऑगस्ट १९६६ रोजी प्रसिद्ध झाली. रचना वाद्यवृंदातील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांची, तबला अनिल भागवत यांचा.

पार्श्वभूमीची कारणे दोन प्रकारची आहेत : दूरची आणि निकटची. दूरचे कारण म्हणजे १९६५ मधील ‘बीटल्स’च्या ‘हेल्प!’ चित्रपटाचे चित्रीकरण. त्या वेळी हॅरिसन यांचा सतारीशी परिचय झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘नॉर्वेजियन वुड’ या गीतात त्यांनी सतार वाजवली. निकटचे कारण म्हणजे लंडनमधील ‘एशियन म्युझिक सर्कल’ ही अयन अंगडी व पॅट्रिशिया अंगडी या दांपत्याची संस्था. तिच्यामुळे हॅरिसन यांना भारतीय वादकांचा सहवास मिळाला आणि भागवत यांना बोलावणेही तिच्याच मार्फत गेले. कालक्रम येथे महत्त्वाचा आहे. सतारवादक पंडित रविशंकर यांची हॅरिसन यांच्याशी भेट जून १९६६ मधली. गीताचे मुद्रण एप्रिलमधले. तेव्हा या गीतातील रागसंगीताचे ज्ञान रविशंकर यांच्याकडून आलेले नाही.

मुद्रणाचे टप्पे दोन. पहिला टप्पा ११ एप्रिल १९६६ चा, लंडनच्या ईएमआय स्टुडिओतला. पहिल्या प्रयत्नात हॅरिसन यांचा आवाज आणि साधे गिटार नोंदले गेले. तिसऱ्या प्रयत्नात सतार आली. सहावा प्रयत्न ग्राह्य ठरल्यावर त्यावर सतार, तबला, बास आणि विद्युत गिटार चढवण्यात आले. दुसरा टप्पा १३ एप्रिलचा. फितीवर ट्रॅक चारच असल्याने आधीचे स्तर एकत्र करून नव्या फितीवर उतरवले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत आणखी गायन व टॅम्बोरीन नोंदवले गेले. सतारीचा किती भाग हॅरिसन यांनी स्वतः वाजवला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत मुद्द्यासाठी त्याचा निर्णय आवश्यक नाही. आवश्यक ते इतकेच की आधारस्तर आवाज आणि गिटार यांचा होता व तबला त्यावर आला.

आता रूपाचा विचार. गीताचे तीन भाग पडतात : (१) तालाविना सतारीचा छोटा आलाप, (२) लयीत बांधलेली, कडव्यांची गत, (३) वाढत्या लयीतला, द्रुताच्या धर्तीचा शेवट. हा क्रम हिंदुस्थानी वाद्यवादनाचा आहे. परंतु मैफलीत या क्रमाला अर्थ येतो तो दोन गोष्टींमुळे : विस्तार आणि समाप्ती. विस्तारात राग एकेका स्वराने उलगडतो. समाप्ती बहुधा तिहाईने, म्हणजे तीनदा घेतलेल्या बोलाने, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर होते. ‘लव्ह यू टू’मध्ये विस्ताराची जागा कडव्यांच्या पुनरावृत्तीने घेतली आहे आणि समाप्तीची जागा आवाज हळूहळू कमी करण्याच्या स्टुडिओतील युक्तीने. सारांश, क्रम घेतला, विस्तार व सम सोडली.

यावर आक्षेप संभवतो. सुमारे तीन मिनिटांचा अवधी हेच याचे कारण, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप टिकत नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे मुद्रण झाले तेव्हापासून ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर रागसंगीत एवढ्याच अवधीत बसवले जात होते. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांत अवधी तोच, तरी राग ओळखीच्या अंगाने उभा राहतो आणि गायन समेशी बांधलेले राहते. ते मुद्रण अखंड होते. लय गायक आणि तबलजी यांच्या परस्पर व्यवहारातून ठरत होती. यावरून सिद्ध होते की भेद अवधीचा नाही, मुद्रणाच्या पद्धतीचा आहे.

भागवत यांची भूमिका याच भेदाच्या प्रकाशात पाहावी. त्यांनी हॅरिसन यांच्यासह तबला स्वरात लावला. रविशंकरांच्या संगतीच्या धर्तीवर सोळा मात्रांचे वादन सुचवण्यात आले आणि उपजेला मोकळीक देण्यात आली. म्हणजे गीताच्या आधी ठरलेल्या सांगाड्यात तत्क्षणी घडण्याला मुभा असलेला भाग तबल्याचा होता. पण ही मोकळीक ठेका भरण्याची होती, लय ठरवण्याची नव्हती. वेष्टनावर त्यांचे नाव मात्र छापले गेले. पुढील वर्षीच्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतातील वादकांना, उदाहरणार्थ दिलरुबावादक अण्णा जोशी यांना, ते श्रेय वेष्टनावर मिळाले नाही.

तुलनेसाठी हॅरिसन यांचा सहभाग असलेली चार मुद्रणे क्रमाने मांडता येतात.

(१) ‘नॉर्वेजियन वुड’, १९६५ : सतार गिटारच्या चालीचीच साथ करते. येथे केवळ अलंकरण आहे.

(२) ‘लव्ह यू टू’, १९६६ : रागवादनाचा क्रम स्वीकारला, आधारस्तर आवाज-गिटारचाच.

(३) ‘विदिन यू विदाउट यू’, १९६७ : १५ मार्च रोजी प्रथम तानपुरा, दिलरुबा, तबला आणि स्वरमंडल नोंदले गेले, व्हायोलिन, चेलो आणि गायन ३ एप्रिलला. आधारस्तर भारतीय झाला, स्थळ लंडनच राहिले.

(४) ‘द इनर लाइट’, १९६८ : वाद्यभाग जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून नोंदवला गेला, गायन लंडनमध्ये ६ फेब्रुवारीला चढवले गेले. आधारस्तर आणि त्याचे स्थळ, दोन्ही भारतीय झाले.

या श्रेणीत पहिल्या गीतापासूनच सतार हाताशी होती. म्हणून वाद्याची उपस्थिती हे दोन परंपरांच्या संगमाचे गमक होऊ शकत नाही. दुसऱ्या गीतातच रागवादनाचा क्रम येऊन चुकला होता. म्हणून बाह्य रूपही गमक नव्हे. तिसऱ्या व चौथ्या गीतांत जे बदलले ते मुद्रणाचा क्रम. दोन परंपरांच्या संयोगाचे परीक्षण करताना कोणती वाद्ये वाजली, हा प्रश्न दुय्यम ठरतो. फितीवर प्रथम कोण आले, हा प्रश्न मुख्य. या कसोटीवर ‘लव्ह यू टू’ संक्रमणाच्या जागी आहे : त्याचे रूप रागवादनाचे, लय गिटारची. रूप आणि लय यांतील हा विसंवादच पुढील दोन मुद्रणांचे प्रयोजन स्पष्ट करतो.