सान हुआनच्या उखळींतील इतिहास

शहराचा इतिहास तटबंदीवरून वाचावा कीं ताटावरून, हा प्रश्न कित्येकांस थट्टेचा वाटेल. परंतु कॅरिबियन समुद्रांतील पोर्तो रिको बेटाच्या राजधानींत, सान हुआन शहरांत, ताटावरून इतिहास सांगण्याचा एक व्यवसायच होऊन बसला आहे. वाटाड्याबरोबर जुन्या गांवांतून पायीं हिंडावें, लोखंडाच्या भट्टींतील कीट ओतून केलेल्या निळसर विटांचे रस्ते तुडवावे, आणि चार-दोन वळणांनंतर कोठें कॉफी, कोठें तळीव भजीं, कोठें मोफोन्गो असें खात जावें, अशी ही फेरी असते. अन्न खातां खातां इतिहास ऐकावा ही कल्पना आम्हांस फार पसंत आहे. आमची तक्रार आहे ती ऐकविल्या जाणार्‍या इतिहासाच्या गोडपणाविषयीं. ताइनो, स्पॅनिश आणि आफ्रिकन हे तीन लोक एकत्र आले व त्यांच्या देणग्यांतून हें ताट सजलें, अशी ती कथा. तिच्यांतील देणगी हा शब्द आमच्या घशाखालीं उतरत नाहीं.

स्पॅनिश लोकांनीं १५०८ सालीं या बेटावर पहिली वसाहत केली ती कापार्रा येथें. पुढें १५२१ च्या सुमारास तें ठाणें बंदराच्या तोंडाशीं असलेल्या लहान बेटावर हलविलें, तेंच आजचें जुनें सान हुआन. १५३९ मध्यें एल मोर्रो किल्ल्याचें काम सुरू झालें. ड्रेकला या तोफांनीं १५९५ सालीं परतविलें खरें. पण तीनच वर्षांनीं कंबरलंडच्या अर्लनें शहर घेतलेंच. त्यास अखेर हुसकून लावलें तें तोफांनीं नव्हे, तर त्याच्या फौजेंत पसरलेल्या आमांशानें! जेवतांना ही गोष्ट कोणी सांगत नाहीं, हें समजण्यासारखें आहे. १६२५ सालीं डचांनीं शहर जाळलें, पण किल्ला त्यांस मिळाला नाहीं.

आतां ताटाकडे वळूं. ताइनो लोकांचें मुख्य अन्न कसाव्याच्या कंदाची भाकरी. कडू जातीच्या कंदांत विष असतें. तो किसून, पिळून, रस काढून टाकून मग भाजावयाचा, ही विद्या त्यांची. ती भाकरी फार दिवस टिकत असल्यामुळें नव्या धन्यांनीं ती सैनिकांच्या व खलाशांच्या शिध्यांत घेतली. भाकरी करणारे मात्र सोन्याच्या खाणींतील सक्तीच्या कष्टांनीं आणि नव्या रोगांनीं कांहीं दशकांतच बहुतेक नाहींसे झाले.

मोफोन्गो हा या फेरीचा मानकरी. कच्चीं भाजीचीं केळीं तळून, लसूण आणि डुकराची कुरकुरीत तळलेली कातडी घालून लाकडी उखळींत कुटावयाचीं, व त्या गोळ्यावर रस्सा घालावयाचा. पाहुण्याच्या हातीं मुसळी देऊन त्याच्याकडून चार घाव घालवून घेतात. फार हंशा होतो. ही केळीं १५१६ सालीं तोमास दे बेर्लांगा या धर्मोपदेशकानें कॅनरी बेटांतून शेजारच्या एस्पान्योला बेटावर आणलीं, असें ओविएदो हा त्या काळचा इतिहासकार लिहितो. थोड्या जागेंत भरपूर पीक, वर्षभर फळ. गुलामांचीं पोटें स्वस्तांत भरण्यास याहून सोयीचें काय असणार? कंद-केळीं कुटून गोळा करण्याची रीत पश्चिम आफ्रिकेंतील. ती आली ती जहाजाच्या तळांत साखळदंडांनीं बांधलेल्या माणसांबरोबर. देणगीस देणाराची खुषी लागते. येथें ती कोणीं विचारली होती?

तळीव भज्यांचीही तीच कथा. बकालाइतो म्हणजे खारविलेल्या कॉड माशाचें भजें. ज्या बेटाच्या चहूं बाजूंस मासळी, त्यानें उत्तर अटलांटिकमधील वाळकी मासळी कां खावी? कारण ती टिकाऊ, स्वस्त, आणि मळ्यांवरील गुलामांच्या शिध्यासाठीं पिंपें भरभरून येणारी. २२ मार्च १८७३ रोजीं बेटावरील गुलामगिरी बंद झाली. तरी मुक्त झालेल्यांस आणखी तीन वर्षें करारानें राबणें भाग होतें, आणि नुकसानभरपाई ठरली ती मालकांस. कांहीं वाटाडे हें सारें सांगतात, नाहीं असें नाहीं. पण तें बहुधा दोन घासांच्या मधल्या वेळांत उरकतें.

कोंकणी वाचकास येथें एक ओळखीची वस्तु भेटेल. तेम्ब्लेके म्हणजे नारळाच्या रसांत पिठी शिजवून थिजविलेला गोड पदार्थ, वर दालचिनी. हा नारळ मूळचा तेथील नव्हे. दिएगो लोरेन्झो नांवाच्या पाद्र्यानें १५४९ सालीं तो केप व्हर्द बेटांतून पोर्तो रिकोस आणला. आणि अटलांटिक किनार्‍यावरील माड हिंदी महासागरांतील माडांच्या वंशांतले आहेत, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनांत दिसून आलें. ज्या पोर्तुगीजांनीं आपल्याकडील नारळ पश्चिमेस नेला, त्यांनींच अमेरिकेंतील काजू गोव्यास आणला. ऊसही आपल्याच बाजूचा. कोलंबसानें तो १४९३ च्या सफरींत नेला, आणि पुढें त्याच्याचसाठीं गुलामांचीं जहाजें भरलीं.

राहतां राहिली कॉफी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेटाची मुख्य निर्गत तीच होती व ती युरोपांत जाई. १८९८ सालीं बेट अमेरिकेच्या ताब्यांत गेलें, युरोपची बाजारपेठ तुटली, आणि ८ ऑगस्ट १८९९ च्या वादळानें डोंगरांतील झाडें झोपविलीं. मग मैदानांत परक्या भांडवलाच्या साखरेचें राज्य आलें. जेथें लोकांच्या पोटाचें पिकावें तेथें ऊस उभा राहिला, आणि भात जहाजानें येऊं लागला. १९२० च्या कायद्यानें अमेरिकन बंदरांतून येणारा माल अमेरिकेंतच बांधलेल्या जहाजांतून आणणें आवश्यक केलें. आजही बेटावरील बहुतांश अन्न बाहेरून येतें. २० सप्टेंबर २०१७ च्या मारिया वादळांत शेतीच्या उत्पन्नाचा सुमारें ८० टक्के भाग बुडाला, असा तेथील कृषिखात्याचा अंदाज होता. केळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि मोफोन्गोसाठीं लागणारीं केळींसुद्धां बाहेरून आणावीं लागलीं.