अक्षय ऊर्जा अभियंता (मावळ परिसर)

अक्षय ऊर्जा अभियंता : पाणी, ऊन, वारा व जैवभार यांपासून वीज मिळवणाऱ्या यंत्रणांचा आराखडा, उभारणी, देखभाल आणि ग्रिडशी जोडणी पाहणारा तंत्रज्ञ. ‘अक्षय ऊर्जा’ हा शब्द अलीकडचा. सरकारी कागदपत्रांत ‘अपारंपरिक ऊर्जा’ अजूनही चालते. मावळात नावाच्या आधी काम आले. भाजे, मळवली, लोणावळा या पट्ट्यातून पाहता हा व्यवसाय मुळात साठवणीचा आहे. मिळेल तेव्हा ऊर्जा धरून ठेवायची आणि मागणी येईल त्या क्षणी सोडायची, हे ज्याला जमते तो या क्षेत्रात टिकतो. छपरावर सौरपट्ट्या बसवणे हा त्याच कामाचा एक भाग, आणि तोही सर्वांत सोपा.

इतिहास : भाज्याच्या लेण्यांत (इ. स. पू. दुसरे शतक) खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायचा ही इथली गरज तेव्हापासूनची. (तेथील एका विहारातले रथारूढ देवतेचे शिल्प सूर्याचे मानतात, त्याबद्दल अभ्यासकांत मतभेद असल्याने सौरऊर्जेच्या माहितीपत्रकांनी ते जपून वापरावे.) घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून तो कोकणात सोडावा व वीज करावी, ही कल्पना मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी 1904 मध्ये निवर्तले. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी 1910 मध्ये स्थापन झाली, 1911 मध्ये लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि 1915 मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. वळवण, लोणावळा व शिरवता या तलावांचे पाणी नळांतून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीला उतरते. आंध्रा खोऱ्यातील ठोकरवाडी धरणावर भिवपुरीचे वीजगृह 1922 मध्ये, तर मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे 1927 मध्ये सुरू झाले. यंत्रे परदेशातून आली.

या आकड्यांत उंची सर्वांत महत्त्वाची. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी 500 मीटर खाली आले की यंत्रातील घट वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज हाती लागते. तेच पाणी 50 मीटरच्या धरणावरून सोडले तर त्याचा दहावा हिस्सा. म्हणून मावळातील मध्यम आकाराचे तलावही विजेच्या हिशेबात मोठे ठरतात. वर चढवायचे तर याच हजार लिटरला सुमारे दीड युनिट लागते. एक किलोवॅटची सौरपट्टी महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चारेक युनिट देते, म्हणजे दुपारभर सुमारे अडीच हजार लिटर पाणी डोंगरमाथ्यावर चढवण्याइतकी. संध्याकाळी ते पाणी खाली सोडले की चारांतले तीनेक युनिट परत येतात. एक युनिट गेले हे खरे. पण दुपारचे नको असलेले चार युनिट आणि दिवेलागणीला हवे असलेले तीन यांची किंमत सारखी नसते. अशा उदंचन (पाणी वर चढवून साठवणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पाचे सारे अर्थकारण या फरकावर उभे आहे. राज्यात भिरा येथे 150 मेगावॅटचा असा संच आहे आणि घाटघर येथे 250 मेगावॅटचे केंद्र आहे. ऑगस्ट 2023 मध्ये टाटा पॉवरने शिरवता (1,800 मेगावॅट) व भिवपुरी (1,000 मेगावॅट) येथील उदंचन प्रकल्पांसाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. शंभर वर्षांपूर्वीचे तलाव पुन्हा अभियंत्यांना बोलावत आहेत.

आक्षेप : पहिला आक्षेप व्याख्येचा. भारतात दीर्घकाळ 25 मेगावॅटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प अक्षय ऊर्जेत धरले जात. मोठ्या प्रकल्पांना ही मान्यता मार्च 2019 मध्ये मिळाली. तेव्हा खोपोलीचा अभियंता या नोंदीत बसवणे ही मागाहून केलेली सोय आहे, असे कोणी म्हणेल. ही रेषा सवलती कोणाला द्यायच्या यासाठी आखलेली होती; पावसाला तिची माहिती नव्हती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. धरणांनी माणसे उठवली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रह (1921–24) याच मालिकेतील धरणाविरुद्ध झाला आणि तो हरला. शिवाय पूर्ववाहिनी नद्यांचे पाणी पश्चिमेला वळवण्यावर भीमा खोऱ्यातून हरकत घेतली जाते. उलट पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या नद्यांच्या काठची गावे व कारखाने आता त्याच पाण्यावर अवलंबून आहेत. या वादाचा निवाडा येथे अभिप्रेत नाही. उदंचनात तेच पाणी वरखाली फिरत असल्याने नवे पाणी कमी लागते, इतके म्हणता येईल. पण नव्या जलाशयाला जमीन लागतेच. पुनर्वसनाचा कायदा न वाचता आराखडा करणारा अभियंता अर्धाच शिकलेला असतो.

तिसरा आक्षेप नोकरी शोधणाऱ्यांचा : आज जागा निघतात त्या सौरक्षेत्रात. हे बरोबर आहे. पीएम-कुसुम (2019), मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि पीएम सूर्यघर (2024) या सौर योजनांमुळे सर्वेक्षण, जोडणी व नेट मीटरिंगच्या कामांना मागणी वाढली. मात्र घराच्या छपरावरची जोडणी थोडक्या दिवसांत संपते आणि पुढची साफसफाई तंत्रज्ञ करतो, तर खोपोलीत दाबनळ, पाणचक्क्या व जनित्रे यांची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. शिवाय लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांखाली सौरपट्टी मंदावते त्याच दिवसांत तलाव भरतात. दोन्ही स्रोत एका हिशेबात आणणारा माणूस हवा असतो आणि तो कमी मिळतो. बॅटऱ्या स्वस्त होत असल्याने उदंचनाची गरज उरणार नाही, असाही एक मतप्रवाह आहे. दोन-चार तासांच्या साठवणीपुरता तो मान्य करण्याजोगा आहे. त्याहून लांबच्या पल्ल्याला आणि अनेक दशकांच्या आयुष्याला डोंगर व पाणीच अजून उजवे ठरतात.

शिक्षण : विद्युत, यंत्र किंवा स्थापत्य शाखेची पदवी वा पदविका हा नेहमीचा मार्ग. पुण्यात 1854 पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) आणि मुंबईत व्हीजेटीआय व आयआयटी या प्रमुख संस्था. आयआयटीत ऊर्जाविषयक स्वतंत्र विभाग आहे. ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या वतीने होते. केवळ ‘सौर’ नाव असलेल्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमापेक्षा विद्युतशास्त्राची पक्की पदवी आणि जोडीला जलविज्ञानाचा एखादा विषय मावळाच्या संदर्भात अधिक कामाला येईल. ग्रिडचा भार कसा चढतो-उतरतो हे ज्याला कळत नाही, त्याला साठवण कळत नाही.

पवन : सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी-वनकुसवडे पठारे प्रसिद्ध, मावळात उल्लेखनीय काम नाही.

जैवभार : प्राज व थरमॅक्स या पुण्यातील कंपन्या.

संस्था : महाऊर्जा ही राज्याची अक्षय ऊर्जा संस्था (स्थापना 1985), मुख्यालय पुणे. जवळचे वीजगृह : भाजे गावात वीजगृह नाही. डोंगरापलीकडे पवना धरणाच्या पायथ्याशी 10 मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे.