नावाची नोंद

बँकेतल्या कारकुनाचे काम दिसावयास साधे. प्रत्येक रकमेपुढे ज्याचे त्याचे नाव लिहावयाचे आणि सायंकाळी पैपैचा मेळ घालावयाचा. एडमंड डी विंड हा असाच एक कारकून. आयर्लंडमधील कोंबर गावी १८८३ साली तो जन्मला. बँक ऑफ आयर्लंडमधील नोकरी सोडून १९११ साली तो कॅनडास गेला व तेथील कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्समध्ये लागला. १९१४ साली महायुद्ध पेटताच लेखणी खाली ठेवून तो साधा शिपाई म्हणून फौजेत दाखल झाला. पुढे १९१७ साली त्यास रॉयल आयरिश रायफल्स या पलटणीत अधिकारपद मिळाले.

२१ मार्च १९१८ रोजी जर्मनांनी फ्रान्समध्ये प्रचंड चढाई आरंभिली. सेंट क्वेंटिन शहराजवळचे एक ठाणे डी विंडने सात तास लढविले. दोनदा जखमी होऊनही त्याने माघार घेतली नाही. अवघे दोन साथीदार घेऊन, गोळ्यांच्या वर्षावात खंदकाबाहेर येऊन त्याने शत्रूस हुसकून लाविले. अखेर प्राणांतिक जखम होऊन तो कोसळला. वय अवघे चौतीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यास मिळाला. त्याची कबर कोठे आहे हे कोणासही ठाऊक नाही. परंतु पोझिएर येथील स्मारकाच्या भिंतीवर त्याचे नाव कोरलेले आहे आणि कॅनडातील एक पर्वतही त्याच्या नावाने ओळखला जातो.

कबर नसली तरी नाव राहिले. आपल्या माणसांच्या वाट्यास मात्र तेवढेही आले नाही. त्याच महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. १९१६ साली संपलेला कूतचा वेढा त्यांनी सोसला. त्या पलटणींचा वारसा आज बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीकडे आहे. १९२९ साली बसऱ्यास स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे आली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या कोरली गेली. या अन्यायाबद्दल युद्धकबर आयोगाने २०२१ साली क्षमा मागितली.

बेरीज बरोबर आली तरी नावे नसलेली वही कोणताही कारकून पुरी मानणार नाही. आपल्या घरातील जुन्या पेटीत त्या युद्धाचे पदक असेल, तर ते उजेडात धरावे. त्याच्या कडेवर शिपायाचे नाव कोरलेले असते. ते मुलांना वाचून दाखवावे.